सकाळपर्यंत वाळेल का?

ठाण्याच्या त्या घरात कणीक मोजायचा वजनकाटा जेवणाच्या टेबलावर आला होता आणि त्यावर एक जीन्स पडली होती. ७२० ग्रॅम. भाचीने आकडा वाचला आणि परस्पर निकाल दिला, "चालेल की मावशी, एकच तर आहे." मावशीने उत्तर दिलं नाही. तिने जीन्स उचलली, मोरीत नेली, बादलीत बुचकळली, होती नव्हती ती ताकद लावून पिळली आणि पुन्हा काट्यावर आणून ठेवली. १ किलो ३९० ग्रॅम. टेबलावर पाण्याचं थारोळं.

"आता ही दोरीवर टाक. आणि परवा सकाळी मला सांग, खिसे वाळलेत का."

जूनचा दुसरा आठवडा होता, पाऊस नुकताच लागला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मांड्यांवरचं कापड वाळलं होतं, पण कंबरपट्टा आणि खिसे हाताला गार लागत होते आणि नाक जवळ नेलं की भिजलेल्या पोत्यासारखा कुबट वास येत होता. भाचीने ती जीन्स गुपचूप पुन्हा धुवायला टाकली आणि प्रवासाच्या यादीतून खोडली.

बेत तेवीस दिवसांचा होता. बँकॉकला उतरायचं, तिथून कंबोडियात सीम रीप आणि नॉम पेन, मग मेकाँग नदीच्या सोबतीने व्हिएतनाममधलं कॅन थो, आणि हो ची मिन्ह सिटीहून घरी. पाठीवर एकेक सॅक, तीही विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावेल अशी. स्वस्त विमान कंपन्या केबिनमध्ये साधारण ७ किलो नेऊ देतात. त्यातले सव्वा-दीड किलो रिकामी सॅकच खाते. औषधं, चार्जर, कागदपत्रं, छत्री आणि जादा चपला वजा केल्या की कपड्यांच्या वाट्याला जेमतेम तीन किलो येतात.

मावशी छप्पन्न वर्षांची, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, जन्माने रत्नागिरीची. भाची सव्वीसची, नोकरी पुण्यात, पण वाढलेली नागपुरात. उकाडा दोघींनाही नवा नव्हता. अडचण इतकीच की दोघींचे उन्हाळे वेगळे होते.

"उनाचं मला नको सांगू मावशी, मी नागपूरची आहे," असं भाची म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत गेला की नागपूरकर अंग उघडं टाकत नाही, उलट झाकून घेतो. डोक्यातोंडाला दुपट्टा घट्ट गुंडाळून, हातात कोपरापर्यंतचे मोजे चढवून मुली स्कूटरवर निघतात. जाड कापड तिथे ढालीसारखं उपयोगी पडतं. घराघरांत कूलर घरघरत असतात, कोपऱ्यात माठ असतो आणि त्यातल्या पाण्याने दात शिवशिवतात.

तोच माठ रत्नागिरीला नेऊन ठेवा. तो बाहेरून ओला होतो, पाझरतो, खालची फरशी भिजवतो आणि पाणी मात्र नावापुरतंच गार करतो. पाझरलेल्या पाण्याची वाफ झाली तर माठ गार होणार, आणि कोकणातली हवा आधीच पाण्याने टच्च भरलेली. माणसाचं अंगही याच हिशेबाने चालतं. एक लिटर घाम अंगावरून वाफ होऊन उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हनुवटीवरून टपकलेला घाम काहीच नेत नाही, कपडा तेवढा भिजवतो. बँकॉकपासून हो ची मिन्ह सिटीपर्यंतचा सगळा पट्टा जून-जुलैत रत्नागिरीच्या जातीचा. तिथे कितीही हलकं घातलं तरी तासाभरात ते पाठीला चिकटणार हे धरूनच चालायचं. कपड्याला विचारायचा प्रश्न मग एकच उरतो: रात्री धुतला तर सकाळपर्यंत वाळेल का?

या परीक्षेत नापास झाली म्हणून जीन्सवर राग धरण्यात अर्थ नाही. ती तिच्या हवेसाठी बनली होती. १८७३ साली नेवाडातल्या रेनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस आणि सॅन फ्रान्सिस्कोचा कापडव्यापारी लिव्हाय स्ट्रॉस यांनी तांब्याच्या रिव्हेटा ठोकलेल्या कामकरी विजारींचं पेटंट घेतलं. रेनोची हवा कोरडी. विजार उसवू नये एवढीच तिथल्या मजुराची मागणी होती, वाळण्याची चिंता त्याला नव्हती. या जीन्सची एक चुलत बहीण तर आपल्या मुंबईची. डोंगरीच्या बाजारात विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड जहाजांवरून परदेशी गेलं, खलाशांच्या अंगावर चढलं आणि गावाचं नाव घेऊनच इंग्रजीत रुळलं. आज गॅरेजमधला मेकॅनिक ज्याला डंगरी म्हणतो, ती डोंगरीच.

मग मावशीच्या कपड्यांची पाळी आली, आणि काटा भाचीच्या हातात गेला. मावशी कट्टर सुती पंथातली. खळ घालून कडक इस्त्री केलेले चार कुडते, अस्तराच्या दोन सलवारी, ओढण्या आणि वर एक सोलापुरी टॉवेल. "मावशी, नुसता टॉवेल ४६० ग्रॅम आहे गं!" सोलापुरात हा टॉवेल सकाळी दोरीवर टाकला की दुपारच्या आत खडखडीत वाळतो. सीम रीपमध्ये तो तीन दिवस ओला राहिला असता. सुताचा स्वभावच पाणी धरून ठेवण्याचा. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत, पाण्याचा थेंबही न लागता, कोरडं सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा हवेतूनच पिऊन घेतं. पॉलिएस्टर त्याच हवेत अर्धा टक्काही घेत नाही.

टॉवेल परत कपाटात ठेवताना मावशीला माहेरच्या माजघरातल्या दांड्या आठवल्या. आढ्याला दोरखंडांनी टांगलेल्या दोन लांब बांबूच्या दांड्या, आणि आषाढ-श्रावणात त्यांच्यावर सगळ्या घराचे कपडे. आजी काठीच्या टोकावर धोतराचा पिळा अडकवून तो अचूक वर टाकायची आणि काठीनेच पसरायची. सुती पातळं दुहेरी, मुलांच्या चड्ड्या, परकर, आणि चुलीच्या बाजूला ऊब मिळेल तिथे बाळाची दुपटी. ते कपडे कधी वाळत नसत, वाळल्यासारखे होत. शाळेचा गणवेश अंगावर चढवून अंगाच्या उबेवरच उरलासुरला ओलावा घालवायचा. त्या दोन दांड्यांवर रोज पहिला वाळायचा तो आजोबांचा पंचा.

का वाळायचा, याचा विचार तिने पन्नास वर्षांत केला नव्हता. तो आता, वजनकाट्यासमोर झाला. पंचाही सुतीच, म्हणजे सारा दोष सुताचा नव्हे. पण पंच्याची वीण विरळ आणि सूत बारीक. त्याला शिवण नाही, म्हणजे कापडाचे दोन-तीन पदर कुठेच एकावर एक बसत नाहीत. त्याला खिसा नाही, नेफा नाही, इलॅस्टिक नाही, कॉलर नाही. पाणी दडून बसेल अशी एकही जागा त्यात नाही. जीन्सचं जे जे शेवटपर्यंत ओलं राहिलं होतं, ते सगळं पंच्यात मुळी नव्हतंच.

सॅकमध्ये दोन पंचे गेले.

बँकॉकमध्ये पहिले तीन दिवस भाचीने बाजी मारली. तिचे जिमचे पॉलिएस्टरचे टी-शर्ट रात्री बेसिनमध्ये खळबळून हँगरला लावले की पहाटेपर्यंत कोरडे होत. मावशीने खळीचे कुडते घरी ठेवून दोन साधे सुती कुडते आणले होते, त्यांच्या काखा आणि बाह्यांच्या शिवणी सकाळीही दमट असत. रात्रीसुद्धा पारा पंचवीस-सव्वीस अंशांखाली उतरायला तयार नव्हता. चौथ्या दिवशी भाचीने टी-शर्ट डोक्यातून घातला आणि थबकली. "मावशी, हा धुतलेलाच आहे. मग वास कसला येतोय?"

हा भाचीचा आळस नव्हता. बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात २६ जणांना टी-शर्ट घालून तासभर जागच्या जागी सायकल चालवायला लावली, मग ते घामट टी-शर्ट राखून ठेवले आणि वास ओळखण्यात तयार झालेल्या लोकांना हुंगायला दिले. पॉलिएस्टरचे टी-शर्ट सुती टी-शर्टांपेक्षा जास्त घाण वासाचे ठरले. घामाला वास आणणारे मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिएस्टरवर चांगले पोसतात, असं त्यांना आढळलं. सूत पाणी धरून बसतं आणि पॉलिएस्टर वास. भांडण बरोबरीत सुटलं.

तडजोड त्या रात्रीच झाली. अंगाला चिकटून काखेशी लढायचं ते काम पातळ सुताकडे, म्हणजे मलमलीकडे. कमरेखाली, जिथे घासणं आणि चिखल जास्त, तिथे पातळ नायलॉनची ट्रेकिंगची पँट; दोन्ही बाजारातून घ्यायचं ठरलं. जाड सुती सलवार घालून दिवसभर चाललं की मांड्या काचतात हे मावशीने दुसऱ्याच दिवशी अनुभवलं होतं. त्यावर सायकलिंगची आखूड चड्डी आणि व्हॅसलीनची डबी हा भाचीचा उपाय मात्र मावशीने निमूटपणे मान्य केला. वाळवण्याचं खातं मावशीने स्वतःकडे घेतलं. धुतलेला कुडता कोरड्या पंच्यावर पसरायचा, दोघांची वळकटी करायची आणि ती वळकटी पिळायची. कुडत्यातलं पाणी पंचा ओढून घेतो आणि स्वतः आधी वाळतो. खोलीला एसी असेल तर रात्री तो 'ड्राय'वर ठेवायचा. एसी हवेतलं पाणी काढून नळीवाटे बाहेर टाकतो, त्यामुळे उघड्या गच्चीपेक्षा बंद खोलीत कपडे लवकर वाळतात. एसी नसेल तर पंखा, आणि दोन कपड्यांमध्ये वीतभर अंतर.

सीम रीपला दोघी पोचल्या तेव्हा पावसाळा सुरू होता. अंगकोरच्या देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, बँकॉकच्या राजवाड्यासारखाच नियम. रांगेतली बिनबाह्यांच्या कपड्यांतली माणसं कुठूनतरी पैदा केलेले शर्ट घाईघाईने चढवत होती. आत मात्र बाराव्या शतकात सूर्यवर्मन दुसरा याने विष्णूसाठी बांधलेल्या मंदिराच्या भिंतींवर हजाराहून अधिक देवता कमरेच्या वर वस्त्र न घालता उभ्या होत्या. डोक्याला भरगच्च मुकुट, गळ्यात अलंकार, कमरेला नक्षीचं वस्त्र. "यांना नाही सोडणार आत," भाची कुजबुजली.

त्या देवतांचा वेष म्हणजे नुसती शिल्पकाराची कल्पना नसावी. १२९६ ते १२९७ या काळात चीनच्या बादशहाच्या वकिलातीबरोबर झोउ दागुआन नावाचा अधिकारी अंगकोरला येऊन राहिला. त्याने लिहून ठेवलं की राजापासून प्रजेपर्यंत बायका-पुरुष केसांचा बुचडा बांधतात, कमरेला एक कापड गुंडाळतात आणि वरचं अंग उघडं ठेवतात. बाहेर पडताना त्या लहान कापडावर एक मोठं कापड गुंडाळतात. उकाडा इतका की दिवसातून कितीतरी वेळा अंघोळ केल्याशिवाय चालत नाही, हेही त्याने नोंदलं. कापडाच्या प्रतीचाही हिशेब त्याच्याकडे आहे. सयामचं येतं, चंपाचं येतं, पण सगळ्यात तलम म्हणून मान पश्चिम समुद्राकडून येणाऱ्या कापडाला. ते भारतातलं असावं असं मानतात. सातशे वर्षांपूर्वीची अंगकोरची बॅग त्या दोन वाक्यांत भरून झाली होती: दोन न शिवलेली कापडं, एक लहान, एक मोठं.

बाजारात त्यांना पंच्याचा सख्खा भाऊ भेटला. कंबोडियातला क्रामा, बहुधा तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांचा, सुती, गळ्यात टाकायचा. तो डोक्याला गुंडाळून रिक्षावाला उन्हात उभा, तोच कमरेला लावून एक माणूस हातपंपाखाली अंघोळ करतोय, त्यातच भाजी बांधून एक बाई चालली आहे आणि त्याचीच झोळी करून तान्हं मूल निजवलंय. बंगालचा गमछा, केरळचं मुंडू, ब्रह्मदेशाची लुंगी, मलायाचा सारोंग, कोकणचा पंचा. समुद्रकाठाने जिथे जिथे हवा ओली, तिथे तिथे माणसं हिंडतफिरत याच एका कापडापाशी येऊन थांबलेली. भाचीने क्रामा घेतला. मावशीने पंचा खांद्यावर टाकला, तो कुणालाही परका वाटला नाही.

त्याच बाजारात भाचीची फजिती झाली. बॅकपॅकर तरुण-तरुणींच्या अंगावर दिसणारा तो हत्तीछाप ढगळ पायजमा तिने हौसेने घेतला. हातात घेतला तर पिसासारखा हलका, थंडगार. तो रेयॉनचा होता, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेल्या धाग्याचा. रेयॉन ओलं झालं की त्याचं बळ बरंच घटतं. सुताचं उलटं असतं, ते ओलं झालं की जास्त चिवट होतं. म्हणूनच परीट धोतर दगडावर आपटू शकतो. दुपारच्या पावसात भिजलेला पायजमा अंगकोरच्या उभ्या पायऱ्या चढताना मांडीपासून गुडघ्यापर्यंत टरकन फाटला. क्रामा लगेच कामाला आला.

पावसाचा धडा कॅन थोला मिळाला. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात पहाटे होडीतून बाजार बघायला निघाल्या आणि अर्ध्या तासात आभाळ कोसळलं. भाचीने रेनकोट चढवला. दहा मिनिटांत ती बाहेरून कोरडी आणि आतून घामाने निथळत होती. वल्हवणाऱ्या बाईच्या डोक्यावर पामच्या पानांची शंकूसारखी टोपी, नॉन ला, आणि अंगात आओ बा बा, म्हणजे ढगळ सदरा-पायजमा. टोपीच्या कडांवरून पाणी निथळत होतं आणि टोपी व डोकं यांच्यामधून वारा खेळत होता. लावणीच्या वेळी वाकलेल्या पाठीवर इरलं घेणारी कोकणातली बाई हेच करते: पाऊस अडवते, हवा अडवत नाही. मावशीने साधी छत्री उघडली. घडी घातली की २५० ग्रॅम, आणि उन्हातही उपयोगी.

उन्हाचंही गणित ओलाव्याने बिघडतं. साध्या पांढऱ्या सुती टी-शर्टची अतिनील किरणं अडवण्याची क्षमता, ज्याला यूपीएफ म्हणतात, कोरडा असताना सुमारे ७ असते आणि भिजला की ३ वर येते. त्यामुळे घामाने चिंब टी-शर्टावर विसंबून दुपारभर उन्हात हिंडलं की खांदे त्याच्या आतूनही भाजतात. रंगही जपून निवडायचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हुंगल्यावर हा डास तांबड्या, नारिंगी आणि काळ्या रंगाकडे झेपावतो. पांढरा, हिरवा, निळा, जांभळा यांच्याकडे फारसा वळत नाही. भाचीकडे प्रवासात 'मळखाऊ' म्हणून काळे टी-शर्ट होते, तीन. संध्याकाळी तिचे दंड मोजून घ्यावेत इतक्या गांध्यांनी भरत. मावशीचा पांढरा कुडता पूर्ण बाह्यांचा होता.

दमट मुलखात थंडीचीही सोय लागते, हे ऐकून हसू येईल. पण लांब पल्ल्याच्या एसी बसमध्ये रात्री दात वाजतात. त्यासाठी स्वेटर न्यायचा नाही, एक पातळ ओढणी किंवा शाल पुरते. तीच देवळात खांद्यावर, तीच बसच्या खिडकीत पडदा. आणि चामडं नको. मावशीच्या कोल्हापुरी चपलांवर नॉम पेनच्या हॉटेलात पाचव्या दिवशी हिरवट-पांढरी बुरशी धरली. कोल्हापुरीचा जोड पावसाळ्यात कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवायचा असतो हे तिला माहीत होतं. प्रवासाच्या आनंदात ती विसरली. उरलेले दिवस दोघींनी रबरी तळाच्या फ्लोटर्सवर काढले.

परतीच्या दिवशी हो ची मिन्हच्या विमानतळावर मावशीची सॅक ६ किलो २०० भरली. त्यातले कपडे असे: मलमलीचे तीन कुडते, त्यातला एक भाचीने उसना नेऊन उशिरा परत केलेला, नायलॉनच्या दोन पँटी, आतल्या कपड्यांचे चार जोड, एक ओढणी, दोन पंचे. तीन कुडते अंगावर, दोरीवर आणि सॅकमध्ये आळीपाळीने फिरत राहिले. तेवीस दिवसांसाठी हे पुरलं, आणि महिन्यासाठीही पुरलं असतं, कारण चौथ्या दिवसानंतर प्रवासाच्या लांबीने कपड्यांची गरज वाढतच नाही. काळे टी-शर्ट भाचीने तिथेच सोडले. जीन्स ठाण्याच्या कपाटात होती.

तुमची तिकिटं काढून झाली असतील तर सॅक भरण्याआधी एक करा. न्यायचा म्हणून बाजूला काढलेला प्रत्येक कपडा आज रात्री धुवा, हाताने पिळा आणि बंद खोलीत, पंख्याखाली, दोरीवर टाका. सकाळी उठल्यावर बाही, काख, नेफा आणि खिसा चाचपून बघा. हाताला गार लागेल तो घरी राहू द्या.